धोटा हरवलेलं यकृत

आमच्या घराच्या पाठीमागे यंत्रमागाचा कारखाना आहे. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्याला खटखटाटाचं काही वाटत नाही. उलट रात्री वीज गेली की शांततेनं झोप मोडते. त्या कारखानदाराचा धाकटा मुलगा गेल्या महिन्यात सकाळीच दारात उभा. एका हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट, दुसऱ्या हातात जिममधल्या पावडरीचा भला मोठा डबा. रिपोर्टवर लिहिलेलं, फॅटी लिव्हर, ग्रेड १. डब्यावर लिहिलेलं, एल-कार्निटीन.

"सर, तेल आमच्या घरात मोजून येतंय. मटण आठवड्यातनं एकदा. मग लिव्हरवर चरबी आली कुठनं? आणि दुकानदार म्हणला, हे घेतलं की जळून जाती. खरंय का?"

मी औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवत असे. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी गल्लीत अजून 'सर'च आहे. एरवी अशा प्रश्नाला मी 'साखर कमी कर, चालत जा' एवढं सांगून चहा पाजतो. पण त्या दिवशी डब्यावरचा शब्द बघून मला जरा उत्साह आला, कारण कार्निटीन शरीरात नेमकं काय करतं हे ज्या प्रयोगांनी उघड केलं, ते प्रयोग फार देखणे आहेत. त्यांत कुणी उंदराला कार्निटीन जास्त पाजलं नाही. असलेलं काढून घेतलं, आणि यकृताचं काय होतं ते बघत बसले.

हे समजायला सोलापूरकराला एक सोय आहे. त्याला धोटा माहीत असतो.

मागावर ताण्याचे उभे धागे लागलेले असतात. त्यांच्यामधून आडवा बाणा नेतो तो धोटा. धोट्याच्या पोटात कांडी असते, कांडीवर सूत. सूत ढीगभर असू दे, वीज असू दे, मागवाला जागेवर असू दे, धोटा नसेल तर कापड एक बोटभरही पुढे सरकत नाही. सूत गोदामात पडून राहतं.

यकृताच्या पेशीत चरबी जाळायची भट्टी म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. चरबीचे तुकडे म्हणजे मेदाम्लं, आणि आपल्या अन्नातली व अंगातली बहुतेक मेदाम्लं लांब साखळीची असतात, १६ किंवा १८ कार्बनची. भट्टीला दोन भिंती आहेत. बाहेरची तशी ढिली. आतली मात्र पक्की, आणि लांब साखळीच्या मेदाम्लाला ती ओलांडता येत नाही. तिथे कार्निटीन लागतं. बाहेरच्या भिंतीवर सीपीटी-१ नावाचं एन्झाइम मेदाम्ल उचलून कार्निटीनच्या अंगावर चढवतं. ही जोडी आतल्या भिंतीतल्या वाहक प्रथिनातून पार जाते. पलीकडे सीपीटी-२ ओझं उतरवून घेतं आणि रिकामं कार्निटीन त्याच वाटेनं परत बाहेर येतं. आत गेलेल्या मेदाम्लाचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडत जातात. १६ कार्बनच्या पामिटिक आम्लाचे ७ फेऱ्यांत ८ तुकडे होतात, आणि ते सगळे पुरते जळले तर एटीपीचे, म्हणजे पेशी ज्या रूपात ऊर्जा खर्चते त्या पदार्थाचे, १०६ रेणू हाती लागतात. ग्लुकोजच्या एका रेणूतून मिळतात ३० ते ३२.

इथपर्यंत ऐकून पोरगा म्हणाला, "सर, धोट्यात कांडी संपत जाती, सूत उलगडत जातंय. तुमचं कार्निटीन तर ओझं पोचवून मोकळं परत येतंय. म्हणजे हमाल झाला की." बरोबर आहे. उपमा थोडी लंगडी आहे. इंग्रजीतही या व्यवस्थेचं नाव धोट्यावरूनच पडलंय, तेव्हा लंगडेपणाचा दोष माझ्या एकट्याचा नाही.

कार्निटीन सापडलं १९०५ साली, गुलेविच आणि क्रिमबर्ग या रशियन शास्त्रज्ञांना, मांसाच्या अर्कात. लॅटिनमध्ये मांसाला जो शब्द आहे त्यावरून नाव ठेवलं. त्यानंतर तब्बल ५० वर्षं ते कशासाठी आहे हे कुणाला धड कळलं नव्हतं. मधे एकदा असं दिसलं की पिठात होणाऱ्या एका किड्याच्या अळ्या एका अनोळखी घटकाशिवाय वाढत नाहीत. त्या घटकाला व्हिटॅमिन बी-टी असं नाव मिळालं आणि १९५२ मध्ये तो घटक म्हणजे कार्निटीनच निघाला. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत आयर्विंग फ्रिट्झ यांनी दाखवलं की यकृताच्या उतींत कार्निटीन घातलं की मेदाम्लं जास्त जळतात. तिथून खरी गोष्ट सुरू होते.

माणसाला ते व्हिटॅमिनासारखं बाहेरून घ्यावंच लागत नाही. लायसिन आणि मेथिओनिन या दोन अमिनो आम्लांपासून शरीर ते स्वतः बनवतं. शेवटची पायरी यकृतात पार पडते (माणसात मूत्रपिंडात आणि मेंदूतही), आणि तिला लोह व व्हिटॅमिन सी लागतं. बाकीचं मटणातून येतं, थोडं दुधातून. शाकाहारी माणसाच्या अन्नात ते फारच कमी असतं, तरी त्याचं काही अडत नाही. कारण मूत्रपिंडं कंजूष आहेत: गाळलेल्या कार्निटीनपैकी ९५ टक्क्यांहून जास्त परत रक्तात ओढून घेतात. ७० किलोच्या माणसात सगळं मिळून २० ते २५ ग्रॅम असतं, त्यातलं बहुतेक सगळं स्नायूंत. यकृताच्या वाट्याला अगदी थोडं.

मग असा पदार्थ एखाद्या प्राण्याच्या अंगातून काढायचा कसा? यंत्रमागाच्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, विचारा: धोट्यांचा तुटवडा करायचा असेल तर वाटा तीनच. नवे बनू द्यायचे नाहीत, असलेले बाहेर जाऊ द्यायचे, किंवा त्यांत निरुपयोगी माल भरून ते अडकवून टाकायचे. प्रयोगशाळेत या तिन्ही वाटा वापरल्या गेल्यात.

सगळ्यात गाजलेली वाट लाटव्हियाची. रिगामध्ये इवार्स काल्विन्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रेणू घडवला, मेल्डोनियम, दुसरं नाव मिल्ड्रोनेट. दिसायला तो कार्निटीनच्या आधीच्या पायरीवरच्या रेणूसारखा. त्यामुळे कार्निटीन बनवणारं शेवटचं एन्झाइम फसतं आणि अडतं. इतकंच नाही, मूत्रपिंडातला जो वाहक कार्निटीन परत ओढून घेतो, त्याच्याही दारात हा जाऊन उभा राहतो. म्हणजे एकाच वेळी नवं बनणं बंद आणि जुनं लघवीवाटे चालू. नाव ओळखीचं वाटत असेल तर त्याचं कारण टेनिस: १ जानेवारी २०१६ पासून हे औषध खेळाडूंना बंद झालं आणि त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मारिया शारापोवाच्या चाचणीत ते सापडलं. बंदी आधी दोन वर्षांची होती, मग अपिलात १५ महिन्यांवर आली.

गंमत बघा, हेच मेल्डोनियम त्या बाजूच्या काही देशांत हृदयाचं औषध म्हणून दिलं जातं. रक्त कमी पोचत असलेल्या हृदयाला चरबी जाळणं महागात पडतं, कारण तेवढ्याच ऊर्जेसाठी ग्लुकोजपेक्षा प्राणवायू जास्त लागतो. धोटे कमी केले की हृदय नाइलाजानं ग्लुकोजकडे वळतं, असा त्यामागचा हिशेब. पण उंदराला अंगाच्या दर १०० ग्रॅम वजनाला रोज २० मिलिग्रॅम असा मोठा डोस काही आठवडे दिला, आणि खाणं कार्निटीनशिवायचं ठेवलं, की हृदयाचा फायदा बाजूला राहतो आणि यकृत बोलायला लागतं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २००० नंतरच्या काही वर्षांत नेमकं हेच केलं. रक्तातलं आणि उतींतलं कार्निटीन कोसळलं. यकृताच्या पेशींत चरबीचे थेंब भरले.

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण ती खोडकर आहे. कार्निटीनचे दोन आकार असतात, डाव्या आणि उजव्या पायातल्या चपलेसारखे एकमेकांचे आरसे. निसर्ग एल वापरतो. डी हा आरशातला. पेशीच्या दारातला वाहक दोघांत फारसा भेद करत नाही, एक आत घेतो आणि बदल्यात दुसरा बाहेर सोडतो. उंदराला डी-कार्निटीन टोचत राहिलं की पेशीतली एल बाहेर पडत जाते आणि आत डी साठते. सीपीटी-१ला मात्र डाव्या पायात उजवी चप्पल चालत नाही. धोट्यांची संख्या मोजली तर भरपूर, चालणारा त्यात विरळा.

तिसरी वाट पिव्हॅलिक आम्लाची. पाच कार्बनचं, फांद्या फुटलेलं हे छोटं आम्ल शरीराला जाळताच येत नाही. मग शरीर ते कार्निटीनच्या गळ्यात बांधतं आणि दोघांना मिळून लघवीवाटे बाहेर काढतं. आम्लाच्या प्रत्येक रेणूमागे कार्निटीनचा एक रेणू गेला. प्रयोगात उंदरांच्या पिण्याच्या पाण्यातच पिव्हॅलेट मिसळतात. ही फक्त उंदरांची गोष्ट म्हणावी तर तसंही नाही. काही प्रतिजैविकं आतड्यातून नीट शोषली जावीत म्हणून त्यांना पिव्हॅलिक आम्लाचं शेपूट जोडलेलं असतं आणि पोटात गेल्यावर ते सुटतं. जपानमध्ये अशी औषधं लहान मुलांना सर्रास दिली जात. काही मुलांची साखर धोकादायकरीत्या खाली गेली, आणि २०१२ मध्ये तिथल्या औषध नियामकानं डॉक्टरांना त्याबद्दल सावध केलं. फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएट या औषधाचं दुखणं याच जातीचं. त्यात रक्तातला अमोनिया वाढला तर डॉक्टर कार्निटीन देतात.

आणि एक जुनी, साधीसुधी वाट: गिनीपिगला व्हिटॅमिन सी न देणं. माणसासारखाच तो ते स्वतः बनवू शकत नाही. सी नाही तर कार्निटीनची शेवटची पायरी मंदावते आणि स्नायूंतलं कार्निटीन उतरतं. स्कर्व्हीच्या, म्हणजे व्हिटॅमिन सीच्या अभावी होणाऱ्या आजाराच्या, रोग्याला सुरुवातीला जो गळून गेल्यासारखा थकवा येतो त्याचं एक कारण हे असावं, असा तर्क त्यावरून मांडला गेला. उंदराला हा प्रयोग लागू नाही, तो व्हिटॅमिन सी स्वतःच करतो.

आता यकृताकडे. मी स्वतः कार्निटीनचे प्रयोग केलेले नाहीत. आमच्या कॉलेजात जे व्हायचं ते भारतातल्या कुठल्याही फार्मसी कॉलेजात होतं: उंदराला कार्बन टेट्राक्लोराइड द्यायचं, यकृत बिघडवायचं, आणि मग भुईआवळ्यासारख्या एखाद्या वनस्पतीचा अर्क ते सावरतो का बघायचं. त्यासाठी प्राणी-नैतिकता समितीची परवानगी, किती उंदीर लागणार, एवढेच का, याची लेखी उत्तरं. ती उत्तरं लिहिताना हात जड व्हायचा, आणि तसा तो व्हावा असंच मला वाटतं. पण त्या कामामुळे चरबीचं यकृत डोळ्यांनी बघितलंय. निरोगी उंदराचं यकृत पिकलेल्या जांभळाच्या आतल्या गराच्या जरा तपकिरी बाजूला जाणाऱ्या रंगाचं, कडा धारदार, बोटाला घट्ट. चरबी भरलेलं यकृत फिकट, मातकट पिवळं. कडा गोल झालेल्या. कापलं की सुरीच्या पात्यावर तुपकट थर राहतो. नेहमीच्या पद्धतीनं काप तयार केले तर त्यातली चरबी रसायनांत विरघळून जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींत नुसती पांढरी भोकं दिसतात, जाळीदार डोशासारखी. खरी चरबी बघायची तर यकृत गोठवून काप घ्यायचे आणि ऑइल रेड ओ हा रंग लावायचा. मग त्याच भोकांच्या जागी लालभडक थेंब.

आमच्या उंदरांच्या आणि कार्निटीन हिरावलेल्या उंदरांच्या यकृतात मोठा फरक मात्र आहे. कार्बन टेट्राक्लोराइड म्हणजे कारखान्यात घुसून दांडक्यानं सगळं फोडणं. पेशीचा पडदा, प्रथिनं बनवायची यंत्रणा, चरबी बाहेर पाठवायची व्यवस्था, सगळ्याचंच नुकसान. त्यातून कुठला भाग बिघडल्यानं काय झालं हे सांगणं कठीण. कार्निटीनच्या प्रयोगात कारखाना जसाच्या तसा उभा असतो, फक्त धोटा काढून घेतलेला. म्हणून मी या प्रयोगांना देखणे म्हटलं.

धोटा काढल्याचं पक्कं कसं ठरवायचं? त्याचीही युक्ती आहे, आणि ती पोरानंच मला जवळजवळ सांगून टाकली. "पण सर, आता रॅपियर माग आलेत. त्याला धोटाच नसतोय." अगदी तसंच! ८ किंवा १० कार्बनची आखूड मेदाम्लं कार्निटीनशिवाय थेट भट्टीत जातात. म्हणून संशोधक यकृताच्या पेशींना दोन्ही देऊन बघतात. १६ कार्बनचं पामिटेट अडलं आणि ८ कार्बनचं ऑक्टॅनोएट सुखरूप जळलं, तर भट्टी ठीक आहे, बिघाड दारातल्या वाहतुकीत आहे. दोन्ही अडली तर भट्टीच बिघडली.

पोटभर खाल्लेल्या उंदरात धोट्यांचा तुटवडा लगेच जाणवत नाही. यकृत ग्लुकोजवर भागवून नेतं. परीक्षा होते उपासात.

उपास म्हणजे आपली एकादशी नव्हे. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं, तेव्हा 'एकादशी, दुप्पट खाशी' हे आम्हाला कुणी शिकवायला नको. साबुदाणा, शेंगदाणे, रताळं पोटात असताना यकृताला कसला उपास. खरा उपास म्हणजे अन्न पूर्ण बंद. तेव्हा यकृत आधी स्वतःकडचं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, मोडून रक्तात साखर सोडतं. माणसात ते साधारण एक दिवस पुरतं, उंदरात एका रात्रीत संपत येतं, कारण लहान प्राण्याची भट्टी जोरात पेटलेली असते. मग अंगातल्या चरबीतून मेदाम्लं निघून यकृताकडे येतात. निरोगी यकृत त्यांतून तीन कामं साधतं. स्वतःसाठी ऊर्जा काढतं. उरलेल्या दोन-कार्बनी तुकड्यांचे कीटोन बनवून मेंदू आणि हृदयाला इंधन म्हणून पाठवतं. आणि त्याच ऊर्जेवर अमिनो आम्लांपासून नवी साखर तयार करतं.

धोटा नसलेल्या यकृतात ही तिन्ही कामं एकदम बसतात. सूत येतंय, गोदाम भरतंय, माग बंद. कीटोन बनत नाहीत, कारण कच्चा माल आतच गेला नाही. आणि साखरही बनत नाही. हे दुसरं चटकन लक्षात येत नाही: चरबीपासून तर साखर बनतच नव्हती, मग चरबी अडल्यानं साखर का अडावी? एक तर साखर घडवायला ऊर्जा लागते. शिवाय ते काम ज्या एन्झाइमपासून सुरू होतं, त्याला चरबीच्याच दोन-कार्बनी तुकड्याचा इशारा मिळाल्याशिवाय ते हलत नाही. इशारा नाही, काम नाही. म्हणून रक्तात साखर कमी आणि कीटोनही कमी, अशी जोडी दिसते. एरवी उपाशी माणसात साखर उतरली की कीटोन चढतात. दोन्ही एकदम खाली दिसले की जाणता बालरोगतज्ज्ञ लगेच चरबीच्या वाटेकडे बोट दाखवतो.

मुजफ्फरपूरच्या लिचीबागांजवळच्या मुलांची गोष्ट वर्तमानपत्रांतून आठवत असेल. रात्री न जेवता झोपलेली मुलं पहाटे झटके येऊन बेशुद्ध, साखर तळाला. २०१४ च्या तपासात धागा लिचीतल्या हायपोग्लायसिन आणि त्याच्या जातभाई विषाशी जुळला. तिथे धोटा हरवलेला नव्हता. चरबीचे तुकडे पाडणारी एन्झाइमंच बंद पडत होती. पण उपाशी पोट आणि बंद पडलेली चरबीची वाट एकत्र आली की काय होतं, ते दोन्हीकडे सारखंच.

रसायन न वापरता झालेला एक उंदीरही सांगायला हवा. जपानमध्ये १९८० च्या दशकात छोट्या उंदरांच्या एका वंशात अशी पिल्लं निघाली की जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांचं यकृत चरबीनं फुगे, साखर पडे, अमोनिया चढे. कारण पुढे कळलं: कार्निटीन पेशीत घेणारा आणि मूत्रपिंडात परत ओढणारा जो ओसीटीएन-२ नावाचा वाहक, त्याचंच जनुक बिघडलेलं. पिल्लांना कार्निटीन दिलं की ती सावरत. माणसातही हाच बिघाड घेऊन काही मुलं जन्मतात. त्यांना आयुष्यभर कार्निटीन देतात आणि त्यांच्यासाठी ते खरोखर जीवनदायी आहे. डब्यावरच्या जाहिरातीतलं जे थोडं सत्य आहे, ते या मुलांपुरतं.

सगळ्यात विचार करायला लावणारा निष्कर्ष मात्र वेगळाच. डी-कार्निटीन आणि मेल्डोनियम दोन्ही देऊन कार्निटीन आटवलेल्या उंदरांच्या यकृतात चरबी जाळण्याच्या यंत्रणेची क्षमता मोजली, तर ती घटलेली नव्हती. वाढली होती. म्हणजे धोटे संपत आले तसं यकृतानं माग वाढवले! ते हातावर हात धरून बसत नाही. साठत चाललेली मेदाम्लंच पेशीच्या केंद्रकातल्या एका प्रथिनाला जागं करतात आणि ते प्रथिन चरबी जाळणारी जनुकं चालू करतं, अशी त्यामागची समजूत आहे. पेरॉक्सिसोम नावाच्या छोट्या भट्ट्याही जोर धरतात. त्या लांब साखळ्यांचे काही तुकडे पाडून देतात, पण पुरतं जाळणं त्यांच्या हातचं नाही. इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. पेरॉक्सिसोम वाढवण्यात उंदरांची जात फार उत्साही आहे, माणूस तेवढा नाही. उंदरात दिसलं ते माणसात तसंच दिसेल, असं या बाबतीत तरी धरून चालू नये. डोसाचंही तेच. उंदराचे मिलिग्रॅम माणसाच्या वजनानं गुणून हिशेब करायचा नसतो.

पोरगा इतका वेळ ऐकत होता. मग मुद्द्यावर आला. "म्हणजे माझ्यात धोटे कमी पडलेत का नाही?"

नाही. पडलेले असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. धडधाकट, मटण खाणारा, मूत्रपिंडं शाबूत असलेला माणूस कार्निटीनला मोताद होत नाही. त्याच्या यकृताची भानगड दुसऱ्या बाजूची आहे. त्याच सीपीटी-१च्या दारावर एक कडी आहे, मॅलोनिल-सीओए नावाची. १९७७ मध्ये मॅकगॅरी आणि फॉस्टर यांनी ती दाखवून दिली. पोटात साखर आणि पीठ भरपूर आलं, इन्सुलिन चढलं, की यकृत जादा साखरेपासून स्वतःच चरबी घडवायला घेतं, आणि त्या कामातला पहिला टप्पा म्हणजे हेच मॅलोनिल-सीओए. ते वाढलं की कडी लागते. योग्यच आहे: एकीकडे चरबी विणायची आणि दुसरीकडे तीच उसवायची, असला वेडेपणा पेशी करत नाही. पण दिवसभर थोडं थोडं गोड येत राहिलं तर कडी लागलेलीच राहते. दारात धोट्यांची रांग लावून काय उपयोग.

"तेल खात नाही, मग चरबी कुठनं?" याचंही उत्तर मोजलेलं आहे. अमेरिकेत २००५ मध्ये फॅटी लिव्हर असलेल्या ९ लठ्ठ रुग्णांच्या यकृतातली चरबी कुठून आली याचा माग काढला गेला. साधारण ५९ टक्के अंगात आधीच साठलेल्या चरबीतून रक्तावाटे आलेली, २६ टक्के यकृतानं स्वतः साखरेपासून घडवलेली, आणि जेवणातल्या तेलातुपाची थेट जेमतेम १५. नऊच माणसं, मान्य. पण घरात तेल मोजून आणणाऱ्याला विचार करायला एवढं पुरे.

"दिवसात चहा किती होतो रे?"

"कारखान्यावर?" त्यानं छताकडे बघितलं. "सात... आठ. पाहुणा आला, व्यापारी आला, की धरून घ्या अजून दोन."

"साखर?"

"कटिंग असतंय सर. पण गोड लागतंय त्यांचं."

डब्याचं मग सांगायलाच हवं होतं. तोंडाने घेतलेल्या अशा पावडरीतलं कार्निटीन फार तर पाचव्या हिश्श्याइतकं अंगी लागतं. रक्तात जरा वाढलं की तीच कंजूष मूत्रपिंडं आता उधळी होऊन ते टाकून देतात. जे शोषलं जात नाही ते आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतं, ते त्यापासून ट्रायमिथाइलअमीन बनवतात. मोठा डोस घेणाऱ्याच्या अंगाला कधीकधी मासळीचा वास येतो तो याचाच. यकृत त्यापासून पुढे जो पदार्थ बनवतं, त्याचा रक्तवाहिन्यांच्या आजाराशी संबंध असल्याचा संशय २०१३ पासून घेतला जातोय. संशयच, सिद्ध झालंय असं नाही. पण फॅटी लिव्हरच्या माणसानं असला संशय विकत घ्यावा कशाला?

त्यानं डबा फिरवून मागची किंमत वाचली आणि तोंड कसनुसं केलं.

"परत घेईल का हो दुकानदार?"

"सील फोडलंस?"

"काल रात्रीच. दोन चमचे घेतले."

"मग कशाला घेतोय तो."

आतून बायकोनं चहा आणला. त्यानं कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "काकू, बिनसाखरेचा आहे का?" काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी नेहमीसारखी दोन चमचे घातली होती.